मनीप्लँटचा वेल आणि त्याची निगा

कर्जत-खोपोलीच्या बाजूस कोणाच्याहि घरीं गेलें तरी खिडकीच्या कठड्यावर, बैठकीच्या कोपऱ्यांत किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याशीं एक वेल बहुधा दृष्टीस पडतो. पान विड्याच्या पानाच्या घाटाचें, तुकतुकीत, हिरवें. त्यावर पिवळ्या किंवा पांढुरक्या रंगाचे ओघळ उतरलेले. कोणी तो कुंडींत लावितात, कोणी सरबताच्या रिकाम्या बाटलींत पाणी भरून तींत खोंवितात. लोक त्यास मनीप्लँट म्हणतात. हा वेल घरांत द्रव्य आणतो, मात्र तो मागून न घेतां चोरून आणावा, असा समज सर्वत्र आहे. या समजाच्या बुडाशीं एक साधी गोष्ट असावी. इतक्या सुखानें चोरतां येईल असें दुसरें झाड विरळा. वीतभर तुकडा खुडला तरी धन्याच्या ध्यानांत येत नाहीं, आणि दोनतीन आठवड्यांत त्याला मुळ्या फुटून चोराचें काम होतें. द्रव्याचें म्हणाल तर तें रोपवाटिकेच्या मालकाकडे जातांना मात्र नियमानें दिसतें.

वेल मूळचा या देशांतला नव्हे. प्रशांत महासागरांत सोसायटी नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील मोओरेआ हें लहानसें बेट त्याचें जन्मस्थान. १८८० सालीं युरोपांत त्याचें शास्त्रीय वर्णन प्रथम छापलें गेलें. त्या वेळीं तो सॉलोमन बेटांतून आला असें मानीत, आणि त्यास पोथॉस या गणांत घातलें होतें. पुढें शास्त्रज्ञांनीं त्याचें बिऱ्हाड अनेक वेळां हलविलें. आज त्याचें मान्य नांव एपिप्रेम्नम ऑरियम असें आहे. ऑरियम म्हणजे सोनेरी. रोपवाटिकांतून मात्र पोथॉस हेंच नांव अद्याप चालतें.

या वेलाला फूल आलेलें पाहिलें आहे असा मनुष्य भेटणें कठीण. २०१६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं याचें कारण प्रसिद्ध केलें. फुलण्यास लागणारें जिबरेलिन नांवाचें संजीवक हा वेल आपल्या अंगीं पुरेसें बनवूं शकत नाहीं. तें तयार करण्याच्या कामांतील एक जनुक त्याच्यांत निद्रिस्त असतें. संशोधकांनीं संजीवक बाहेरून फवारलें तेव्हां फुलें आलीं. वेल आपण होऊन फुलल्याची त्यांना सांपडलेली शेवटची नोंद १९६४ सालची होती. फूल नाहीं म्हणून बी नाहीं, आणि बी नाहीं म्हणून नेरळच्या खिडकींतला वेल काय आणि खालापूरच्या ओसरीवरचा वेल काय, दोन्ही कोणाच्या तरी हातानें खुडलेल्या तुकड्याचे तुकडे आहेत. घराघरांतून तो हातोहातच पसरला आहे.

म्हणूनच पुष्कळ घरांत या वेलाला आठवणीच्या वस्तूचें मोल येतें. कर्जतच्या दहिवली भागांतील एका गृहिणीचा वेल असाच होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीस तिनें तो चौकहून, माहेरच्या परसांतून, ओल्या फडक्यांत गुंडाळून आणिला होता. पुढें आई गेली. चौकचें घर विकलें गेलें. परस मोडून नव्या मालकानें तेथें इमारत उठविली. मागें उरला तो दहिवलीचा वेल. घरास रंग लावतांना कुंडी खिडकींतून उचलून दिवाणखान्यांतील कपाटावर ठेविली गेली आणि तेथेंच राहिली. वर्षभरानें असें दिसून आलें कीं, नव्यानें येणारीं पानें लहान आणि कोरींकरकरीत हिरवीं आहेत. माहेरच्या वेलाचे सोनेरी पट्टे नाहींसे झाले. शेजारणींनीं उपाय सांगितले. एकीनें चहाचा चोथा घालावयास सांगितला, दुसरीनें दूधपाणी, तिसरीनें रोज सकाळीं तांब्याभर पाणी. तिन्ही झाले. श्रावणांत पानें एकामागून एक पिवळीं पडून गळूं लागलीं.

त्या घरीं काय चुकलें हें समजण्यास पानावरील पिवळा पट्टा म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. पान हिरवें दिसतें तें हरितद्रव्यामुळें, आणि तेंच द्रव्य सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें हवा व पाणी यांपासून वेलाचें अन्न तयार करितें. पट्ट्याच्या जागीं तें फार थोडें असतें किंवा मुळींच नसतें. तेवढा भाग कमवीत नाहीं, हिरव्या भागाच्या कमाईवर जगतो. प्रकाश मुबलक असला तर हा खर्च वेलास परवडतो. अंधाऱ्या जागीं तो परवडत नाहीं. नवीं पानें अधिकाधिक हिरवीं येऊं लागतात, आणि जी फांदी अगोदरच हिरवी आहे ती जोमानें वाढून पट्टेदार फांदीस मागें टाकिते. खताचा येथें कांहींहि संबंध नाहीं. दहिवलीच्या वेलाला भूक लागली होती ती उजेडाची.

उमललेलें हिरवें पान खिडकींत नेल्यानें पुन्हां पट्टेदार होत नाहीं. जी काय सुधारणा व्हावयाची ती पुढच्या पानांत. यास्तव फांदी मागें मागें तपासीत जावें, आणि जेथें शेवटचें चांगलें पट्टेदार पान असेल त्याच्या किंचित् वर ती कापावी. प्रत्येक पानाच्या बगलेंत एक डोळा निजलेला असतो. पट्टेदार पानाच्या बगलेंतील डोळा फुटला तर त्याचीं पानें बहुधा पट्टेदार निघतात. उलटपक्षीं, पांढऱ्याशुभ्र पानाच्या लोभानें नेमका तोच तुकडा लावणें हाहि घातच आहे, कारण ज्याच्या अंगावर हिरवें नाहीं त्यानें खावें काय? बाजारांत मार्बल क्वीन म्हणून पांढऱ्या शिंतोड्यांची एक जात मिळते, आणि मंजुळा हें मराठी कानाला ओळखीचें नांव धारण करणारी दुसरी एक मिळते. दोन्ही सुंदर आहेत. परंतु जितका पांढरा रंग अधिक तितकी वाढ मंद आणि तितकी उजेडाची गरज मोठी. नवख्यानें साध्या सोनेरी जातीपासून आरंभ करावा हें बरें.

उजेड किती हवा, हें ओळखण्यास यंत्र नको. दुपारीं बाराच्या सुमारास वेलाच्या जागीं दिवा न लावतां वर्तमानपत्रांतील बारीक अक्षर सुखानें वाचतां आलें पाहिजे. तेथेंच भिंतीपासून वीतभर अंतरावर हात धरावा. पुसट कडांची फिकी सांवली पडली तर जागा योग्य. सांवली मुळींच पडली नाहीं तर काळोखी. आणि कात्रीनें कापल्यासारखी काळी सांवली पडली तर ऊन थेट येतें आहे, त्यानें पानावर तपकिरी डाग पडतील. पूर्वेकडील खिडकी उत्तम. पश्चिमेकडील खिडकी एप्रिल-मे महिन्यांत पडद्यावांचून उपयोगाची नाहीं. कर्जत-खालापूर भागाची एक अडचण निराळी आहे. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस येथें बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो, आणि त्या दिवसांत माथेरानच्या डोंगरावरून उतरलेले ढग आठ आठ दिवस हलत नाहींत. मे महिन्यांत जो कोपरा वेलास पुरत होता तो जुलैमध्यें पुरणार नाहीं. आर्द्रा लागल्या कीं कुंडी दोन हात खिडकीकडे सरकवावी, आणि दसऱ्यानंतर पुन्हां मागें घ्यावी.

आतां पाण्याचें. हा वेल पाण्यावांचून मरण्याचा संभव थोडा. पाण्यानें मरण्याचा फार. कुंडींतल्या मातीला जशी ओल हवी तशीच कणाकणांमध्यें हवाहि हवी, कारण मुळें श्वास घेतात. पाणी सतत साचून राहिलें म्हणजे ती हवा निघून जाते, मुळें गुदमरतात आणि कुजतात. कुजलेलें मूळ पाणी ओढूं शकत नाहीं, त्यामुळें भोंवतालीं चिखल असूनहि वरचीं पानें तहानेल्यासारखीं मान टाकितात. तें पाहून घरचें माणूस कळवळतें आणि आणखी एक तांब्या ओततें. या एका गैरसमजानें जितके वेल गेले असतील तितके किडीनें गेले नसतील.

ज्या गांवाच्या नांवानें भाताच्या जाती सर्व कोंकणांत ओळखिल्या जातात त्या कर्जतमध्यें ही चूक अधिक होते, याचेंहि कारण आहे. कुंडी भरण्यास सर्वांत जवळची माती म्हणजे खाचराची. ती चिखलणी करकरून इतकी घट्ट बसलेली असते कीं पाणी खालीं जाऊं देत नाहीं. भाताला तेंच हवें. भाताच्या रोपांत पानांकडील हवा मुळांपर्यंत नेणाऱ्या पोकळ वाटा असतात, म्हणून तें उभ्या पाण्यांत सुखानें राहतें. मनीप्लँटची जात तशी नव्हे. तो झाडाच्या सालीला धरून चढणारा, ज्याच्या मुळांना वारा लागतो असा वेल आहे. त्याच्या कुंडींत साधी माती तिसऱ्या हिश्शाहून अधिक नसावी. दुसरा हिस्सा कुजलेल्या शेणखताचा किंवा गांडूळखताचा, आणि उरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा व भाताची जुनीं तुसें यांचा. तुसें कोणत्याहि भातगिरणींत मिळतात. कुंडीस खालीं भोंक हवेंच. नक्षीदार बिनभोंकाच्या कुंडींत वेल ठेवणें असेल तर आंत भोंकाची साधी कुंडी बसवावी.

पाणी केव्हां घालावें याला वार नेमूं नये. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातींत घालावें. ओल लागली तर हात मागें घ्यावा. कोरडें लागलें तर खालच्या भोंकांतून पाणी वाहीपर्यंत घालावें, आणि बशींत उतरलेलें पाणी ओतून टाकावें. उन्हाळ्यांत अशी वेळ आठवड्यांतून दोनदां येईल, आषाढ-श्रावणांत पंधरा दिवसांतून एकदांहि कदाचित् येणार नाहीं. चहाच्या चोथ्यांत साखर-दूध राहतें, त्यानें मुंग्या आणि बुरशी येते. दुधानें वास येतो. पानांवरची धूळ मात्र ओल्या मऊ फडक्यानें महिन्यांतून एकदां पुसावी. तेल लावून चकाकी आणूं नये. पानाच्या बगलेंत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकणाचे होत. साबणाच्या पाण्यांत बुडविलेल्या कापसानें ते पुसून काढावे आणि चार दिवसांनीं पुन्हां पाहावें. हिंवाळ्यांत खत देऊं नये. एवढें पुरे आहे.

दहिवलीच्या वेलाकडे लक्ष गेलें तेव्हां कुंडींतील मुळें काळीं, बुळबुळीत होऊन त्यांना कुजका वास येत होता. असें मूळ सुधारत नाहीं. परंतु वेल मेला असें समजण्याची घाई करूं नये, कारण या वेलाचा जीव मुळांपेक्षां पेरांत असतो. दांड्यावर जेथून पान निघतें त्या गांठीशीं तपकिरी रंगाचा लहानसा उंचवटा दिसतो. तें भावी मूळ. ज्या तुकड्यावर अशी एक निरोगी गांठ आहे त्यापासून संपूर्ण वेल होतो. नुसतें देठासह पान पाण्यांत ठेविलें तर तें महिनोन्महिने हिरवें राहील, कदाचित् मुळ्याहि सोडील, परंतु त्यापासून वेल होणार नाहीं. कारण डोळा गांठीवर असतो, पानावर नसतो. त्या गृहिणीनें सडका भाग टाकून दोन दोन, तीन तीन गांठींचे पांच तुकडे कापिले. सुरी स्वच्छ होती, काप गांठीच्या बोटभर खालीं घेतला होता. खालचें पान काढून, गांठ बुडेल इतक्या पाण्यांत ते खिडकींत ठेविले. दोन कुजले, तीन जगले. मुळ्या दोन इंचांच्या होतांच तिनें ते मातींत लाविले, हें शहाणपणाचें झालें. पाण्यांत फार दिवस राहिलेलीं मुळें मातीला सहजासहजीं सरावत नाहींत.

पुष्कळ लोक वेल कायमचाच पाण्याच्या बाटलींत ठेवितात. तो तेथें वर्षानुवर्षें राहतो, आणि शोभतोहि. परंतु ही बाटली घरांतील सर्वांत दुर्लक्षित पाण्याचा सांठा आहे हें ध्यानांत असूं द्यावें. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस जातीचा डांस गटारापेक्षां असेंच स्वच्छ, निश्चल पाणी पसंत करितो. त्याची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित् वर, भांड्याच्या आंतल्या अंगास अंडीं चिकटविते. पाणी लागल्यावर त्या अंड्यापासून उडता डांस होण्यास आठदहा दिवस पुरतात. आणि कोरडीं राहिलीं तर अंडीं कित्येक महिने तशींच टिकतात. त्यामुळें नुसतें पाणी बदलून भागत नाहीं. आठवड्यांतून एक वार नेमून पाणी ओतावें, बाटली आंतून ब्रशानें खसखसून घांसावी, वेलाचीं मुळें वाहत्या पाण्याखालीं धुवावीं आणि ताजें पाणी भरावें. पाण्याला वार नेमूं नये असें वर म्हटलें तें कुंडीपुरतें. बाटलीला वार नेमलाच पाहिजे. कुंडीखालच्या बशीलाहि हाच नियम. बाटलीच्या तोंडाशीं वेलाभोंवतीं कापसाचा बोळा घट्ट बसविला तर आणखी चांगलें.

दुसरी सावधगिरी लहान मुलें आणि पाळीव जनावरें यांच्यासाठीं. मनीप्लँट हा अळवाच्या कुळांतला आहे. कर्जत-खालापूरच्या मंडळींना या कुळाचा स्वभाव पुस्तकावरून शिकावयास नको. मृगाच्या आगेंमागें पहिल्या सरी पडल्या कीं डोंगरांतल्या ठाकूर-कातकरी बाया शेवळांच्या जुड्या बाजारांत घेऊन बसतात, आणि त्याबरोबर काकडाचीं आंबट फळें विकतात. काकडावांचून शेवळाची भाजी करण्याचें धाडस कोणी सुगरण करीत नाहीं, कारण घसा खवखवतो. अळवांत चिंच पडते तीहि याचसाठीं. या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म कांड्यांच्या जुड्या असतात. चावतांच त्या जिभेंत आणि घशांत रुततात. मनीप्लँटच्या पानांतहि नेमक्या त्याच सुया आहेत. रांगत्या मुलानें पान चावलें तर तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ सुजतात. तोंडांतला तुकडा काढून तोंड पुसावें, धुवावें, थंड पाणी किंवा दूध घोटघोट द्यावें. ओकारी करविण्याचा प्रयत्न करूं नये. सूज घशाकडे वाढली किंवा श्वास घेण्यास त्रास होऊं लागला तर क्षणाचाहि विलंब न लावतां डॉक्टर गांठावा. मांजरें व कुत्रीं यांनाहि हाच त्रास होतो. लोंबता शेंडा मांजराला खेळावयास बोलावितो, तेव्हां तो त्याच्या उडीच्या टप्प्याबाहेर असावा. वेल कापल्यानंतर चीक लागलेला हात डोळ्याला लावूं नये.

वेल लोंबता ठेवावा कीं चढता, हा आवडीचा प्रश्न आहे. परंतु दोहोंत फरक मोठा पडतो. लोंबणाऱ्या वेलाचीं पानें उत्तरोत्तर लहान होत जातात आणि दोन पानांमधलें अंतर वाढतें. तोच वेल काथ्या गुंडाळलेल्या, ओलसर ठेवलेल्या काठीवर चढविला तर पानें मोठीं होऊं लागतात. बागेंत आंब्याच्या किंवा नारळाच्या खोडावर चढलेल्या वेलाचें पान हातभर लांब, कडेनें फाटलेलें असें झालेलें कित्येकांनीं पाहिलें असेल. तो घरांतल्या बाटलींतलाच वेल आहे हें मात्र सांगितल्यावांचून पटत नाहीं. सह्याद्रीच्या दमट रानांत झाडाला बिलगून वर जाणारा गणेशकांदा याच कुळांतला. त्याच्याकडे पाहिलें म्हणजे मनीप्लँटला खरोखर काय आवडत असावें याची कल्पना येते.

घरांतील हवा हा वेल शुद्ध करितो असेंहि मोठ्या आग्रहानें सांगण्यांत येतें. त्याचा आधार म्हणजे १९८९ सालीं अमेरिकेच्या नासा या संस्थेनें प्रसिद्ध केलेले प्रयोग. ते बंद पेटींतले होते. २०१९ सालीं अशा सर्व प्रयोगांचा आढावा घेण्यांत आला, तेव्हां साध्या वायुवीजनाइतका परिणाम साधण्यास दर चौरस मीटर जागेंत दहापासून हजारपर्यंत झाडें लागतील असा हिशेब निघाला. कर्जतच्या घरांत खिडकी उघडणें त्याहून सोपें आहे.

शेवटचा प्रश्न कापून उरलेल्या वेलाचा. छाटणी झाली कीं तो ढीग मागच्या ओहोळांत किंवा रस्त्याकडेच्या झाडींत भिरकावण्याची रीत आहे, आणि ती या भागांत विशेष धोक्याची आहे. श्रीलंकेंत कॅण्डी शहरालगत उडवट्टकेले नांवाचें राखीव रान आहे. तेथें हा वेल जमिनीवर पसरून आणि झाडांवर चढून देशी रोपांना उठूं देत नाहीं, आणि त्यास आवरणें कठीण झालें आहे. फूल नाहीं, बी नाहीं, तरी एवढा विस्तार. एक ओली गांठ त्याला पुरते. कर्जत-खालापूरची हवा त्याला कॅण्डीइतकीच मानवणारी आहे. येथले ओहोळ उल्हास, पेज आणि पाताळगंगा या नद्यांना मिळतात, आणि वस्तीची शेवटची भिंत संपते तेथून रान सुरू होतें. माथेरान व त्याच्या भोंवतालचा पट्टा २००३ सालीं पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून घोषित झालेला आहे. तेथल्या ओल्या दरींत टाकलेला वेल परत आणतां येणार नाहीं. छाटलेले तुकडे गच्चीवर उन्हांत पसरून कडकडीत वाळूं द्यावे, मग खताच्या खड्ड्यांत घालावे. पावसाळ्यांत ऊन नसलें तर ते बंद पिशवींत पूर्ण सडेपर्यंत ठेवावे.

दहिवलीच्या तीन तुकड्यांपैकीं दोन पूर्वेच्या खिडकींत आहेत. सातव्या पानावर पहिला पिवळा ओघळ आला. तिसरा त्या गृहिणीनें चौकला धाकट्या बहिणीकडे पोंचता केला, आणि सोबत एका चिठ्ठीवर लिहून दिलें : बाटलींत ठेवलास तर दर रविवारीं पाणी बदल, बाटली आंतून घांस, आणि बाळाच्या हातीं लागणार नाहीं असा ठेव.